नऊ जहाजे आणि एक घराणे

घराण्याचा इतिहास शोधण्याची आपल्या समाजाला मोठी हौस आहे. पणजोबांचे पणजोबा कोण, त्यांनी कोणत्या सालात घर बांधले, चर्चच्या वेदीसाठी काय दान दिले, हे सारे कष्टाने मिळवून लोक वंशवृक्ष तयार करतात आणि चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावतात. या हौसेला आम्ही नावे ठेवीत नाही. संत मत्तयने आपल्या शुभवर्तमानाचा आरंभ वंशावळीनेच केला आहे, आणि तिच्यात राजांच्या बरोबरीने तामार, राहाब, रूथ या स्त्रियांची नावे गोवली आहेत. परंतु आपल्या वंशवृक्षांत एक गोष्ट सहसा नोंदलेली नसते. संकटकाळी त्या घराण्याने काय राखले आणि काय सोडून दिले, हे त्या चौकटीत दिसत नाही. खरे पाहता घराण्याचा इतिहास तोच असतो.

आज ज्या घराण्याविषयी आम्ही लिहीत आहोत ते कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही, कारण ते पृथ्वीवर कधी नांदलेच नाही. एका इंग्रज कॅथलिक प्राध्यापकाच्या कल्पनेतून ते जन्मास आले. त्या प्राध्यापकाचे नाव जे. आर. आर. टॉल्कीन, आणि त्या घराण्याचे नाव आंदूनिएचे सरदार. टॉल्कीन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४-५५ साली तीन भागांत प्रसिद्ध झाली. सेमिनरीच्या ग्रंथालयात आम्ही ती प्रथम वाचली. तिच्या पाठीमागे उभा असलेला प्राचीन इतिहास मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर, १९७७ साली, त्यांचे पुत्र क्रिस्टोफर यांनी ‘द सिल्मॅरिलियन’ या ग्रंथात संपादून दिला. २०२२ साली या जुन्या इतिहासावर आधारलेली एक मालिका दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आली आणि आमच्या धर्मग्रामातील तरुण मुले आम्हांला विचारू लागली, “फादर, हे नूमेनोर म्हणजे काय? ते बुडते ते का?” त्या प्रश्नाचे उत्तर देता देता हा लेख मनात तयार झाला.

धर्मगुरूने संतांची चरित्रे सांगावीत, काल्पनिक सरदारांची कशाला, असे एखाद्यास वाटेल. त्यावर आम्ही एवढेच म्हणू की, उधळ्या पुत्राचे नावगाव कोणत्याही दप्तरात नाही, तरी त्याच्या कथेने जितकी माणसे घरी परतली तितकी आमच्या प्रवचनांनी परतली नसतील.

प्रथम कथाकाराविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याच्या घरात जे घडले त्याची सावली या कथेवर आहे. टॉल्कीन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई मेबल हिने १९०० साली कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. तिच्या आप्तांना हे रुचले नाही, आणि त्यांच्याकडून मिळणारी मदत बंद झाली. दोन लहान मुलांना घेऊन या विधवेने गरिबीत दिवस काढले, त्यांना प्रार्थना शिकविली, लॅटिन शिकविली, आणि १९०४ साली मधुमेहाने ती मरण पावली. इन्सुलिनचा शोध लागण्यास तेव्हा आणखी सतरा वर्षे होती. मुलांचे पालकत्व तिने बर्मिंगहॅम ऑरेटरीचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस मॉर्गन यांच्याकडे सोपविले होते. संत जॉन हेन्री न्यूमन यांनी स्थापिलेले हे मठगृह. आपली आई श्रद्धेपायी हुतात्मा झाली, असेच टॉल्कीन आयुष्यभर मानीत आले. पुढे त्यांचा थोरला मुलगा धर्मगुरू झाला. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी जेरुसलेम बायबलसाठी योना संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अनुवाद टॉल्कीन यांनीच केला. देवाची आज्ञा टाळण्यासाठी जहाजात बसून पश्चिमेकडे पळणाऱ्या माणसाची ती कथा त्यांच्या वाट्यास यावी, हा योग आम्हांला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

आता त्या बेटाकडे वळू. टॉल्कीन यांच्या कल्पित जगात एक महायुद्ध संपल्यावर सत्पक्षाच्या बाजूने लढलेल्या मानवांना बक्षीस म्हणून भर समुद्रात एक बेट मिळते. त्याचे नाव नूमेनोर. आकार पंचकोनी ताऱ्यासारखा. मध्यभागी मेनेल्तार्मा नावाचा उंच पर्वत. त्या पर्वताच्या माथ्यावर जगाचा एकमेव निर्माता, ज्याला तेथे एरू म्हणतात, त्याचे पवित्र स्थान आहे. तेथे मंदिर नाही, मूर्ती नाही, छप्परही नाही. तेथे शस्त्र किंवा हत्यार नेण्यास बंदी, आणि राजाखेरीज कोणी एक शब्दही बोलावयाचा नाही. वर्षातून तीनदा, वसंताच्या आरंभी, भर उन्हाळ्यात आणि शरदाच्या अखेरीस, शुभ्र वस्त्रे ल्यालेले लोक राजाच्या मागोमाग मूकपणे तो पर्वत चढत. पहिली प्रार्थना याचनेची, दुसरी स्तुतीची, तिसरी उपकारस्मरणाची.

या सुखाच्या राज्यात बंधन एकच होते. आपल्या बेटाचा किनारा दिसेनासा होईल इतके दूर पश्चिमेस जहाज न्यावयाचे नाही. पश्चिमेकडे अमरांची भूमी होती, आणि मानव तर मर्त्य. त्यांना आयुष्य दीर्घ दिले होते, पण अंत ठरलेला होता. पूर्वेस, उत्तरेस, दक्षिणेस सारा समुद्र मोकळा. एक दिशा तेवढी राखून ठेवलेली. बागेतील सारी झाडे तुमची, एक तेवढे नव्हे, ही गोष्ट आपण फार पूर्वी ऐकलेली आहे.

चौथ्या राजाला पहिले अपत्य झाले ते कन्या, सिल्मारिएन. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलीला गादी नव्हती. ती धाकट्या भावाकडे गेली. सिल्मारिएनचा विवाह बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आंदूनिए बंदराच्या एलातान नावाच्या पुरुषाशी झाला, आणि त्यांचा पुत्र वालांदिल हा आंदूनिएचा पहिला सरदार. ‘आंदूनिए’ म्हणजे सूर्यास्त. मोठ्या बहिणीचे हे घराणे, वडीलकीचा मान असूनही सिंहासनाविना राहिले. बापाने लेकीला राज्य दिले नाही, मात्र एक जुनी अंगठी दिली. पूर्वीच्या युगात एका वीराने मित्राला वचन म्हणून दिलेली ती अंगठी या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आली. आमच्या मते कथेचे सारे बीज येथेच आहे. एका शाखेला सत्ता मिळाली आणि दुसरीला वचनाची खूण. तीन हजार वर्षांनंतर यांपैकी काय शिल्लक राहते, ते पाहावयाचे.

नूमेनोरचे लोक दर्यावर्दी झाले ते विशेषतः आल्दारिओन या सहाव्या राजामुळे. तो सिल्मारिएनचा भाचा. त्याची कथा १९८० साली ‘अनफिनिश्ड टेल्स’ या संग्रहात प्रसिद्ध झाली, आणि नावाप्रमाणे ती अपुरीच आहे. समुद्राचे वेड लागलेल्या या राजपुत्राने नावाड्यांचा संघ उभारला आणि दूरदूरची किनारपट्टी धुंडाळली. जहाज निघताना घराण्यातील स्त्रीने एका सुगंधी सदाहरित वृक्षाची फांदी नाळेवर बांधावी, अशी तेथे रीत होती. सुखरूप परतण्याची ती खूण. एकदा राजाने रागावून घरच्या स्त्रियांना फांदी बांधण्यास मनाई केली, तेव्हा एरेंदिस नावाची तरुणी ती घेऊन आली. पुढे दोघांचा विवाह झाला, कन्याही झाली. मग आल्दारिओन दोन वर्षांत येतो म्हणून निघाला आणि परतला पाचव्या वर्षी. तोवर एरेंदिस मुलीला घेऊन बेटाच्या आतल्या कुरणांत, लाटांचा आवाज पोहोचणार नाही अशा ठिकाणी, राहावयास गेली होती. ती पुन्हा त्याची झाली नाही. म्हातारपणी मात्र ती बंदरावर त्याच्या शोधात आली आणि पाण्यातच तिचा अंत झाला, असे इतिवृत्त सांगते.

ही कथा काल्पनिक आहे, असे ज्या घरचा पुरुष जहाजावर असतो त्या घरी जाऊन कोणी म्हणू नये. आपल्या वसईच्या किनाऱ्यावरून आणि गोव्यातून किती पिढ्या दर्यावर नोकरीस गेल्या! आठनऊ महिन्यांचा करार, बंदराबंदरातून येणारे फोन, बापाला न ओळखणारे लहान मूल, आणि सुट्टी संपत आली की घरात पसरणारा अबोला, हे आम्ही घरभेटीच्या वेळी पाहिले आहे. अशा घरात दोष कोणाचा हे ठरविण्यास लोक फार उतावीळ असतात. टॉल्कीन तसे करीत नाहीत. आल्दारिओनचे समुद्रावरील प्रेम खरे होते, एरेंदिसचे दुःखही खरे होते. चूक एवढीच झाली की दोघांनीही आपापले खरे कवटाळले आणि मध्ये उभ्या असलेल्या मुलीकडे कोणी पाहिले नाही. ती मुलगी आन्कालिमे पुढे त्या बेटाची पहिली राज्यकर्ती राणी झाली. तिच्यासाठी कायदा बदलण्यात आला. पण प्रेम करणे तिला कधीच साधले नाही. कराराची रक्कम आली की घर उभे राहते, हे खरे. ते घर नांदते ठेवावयाचे तर फांदी बांधणारे हात आणि वेळेवर परतणारी पावले, दोन्ही लागतात.

आरंभी नूमेनोरची जहाजे परकीय किनाऱ्यांवर गेली ती बियाणे, अवजारे आणि विद्या घेऊन. तेथील मागासलेल्या लोकांना त्यांनी शेती शिकविली. ते लोक त्यांना देवमाणसे मानू लागले. कालांतराने तीच जहाजे खंडणी वसूल करण्यास जाऊ लागली. झाडे तोडून किनारे उजाड झाले, तटबंदीची बंदरे उभी राहिली. उम्बार हे राजाच्या लोकांचे बलाढ्य ठाणे झाले. आंदूनिएच्या पक्षाच्या लोकांनी आपले वेगळे बंदर वसविले, त्याचे नाव पेलार्गिर. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली, या दोन सालांच्या मधला आपल्या किनाऱ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना एकाच ताफ्यातून काय काय येऊ शकते हे निराळे सांगावयास नको. आपली श्रद्धा आपल्याला त्या काळाने दिली. त्या काळाचे हिशेबही आपण प्रामाणिकपणे वाचले पाहिजेत.

संपत्ती वाढली तसे मरणाचे भय वाढले. हा दुवा टॉल्कीन यांनी फार नेमका पकडला आहे. पूर्वीचे राजे म्हातारपण येताच गादी मुलाच्या हाती देत आणि शांतपणे, आपण होऊन, प्राण परत करीत. मृत्यू ही एरूची देणगी आहे, शिक्षा नव्हे, असे त्यांना शिकविलेले होते. तेरावा राजा तार-आतानामीर याने हे मोडले. बुद्धी गेली, शरीर खंगले, तरी तो गादीला आणि श्वासाला चिकटून राहिला. मृत्यू टाळण्याच्या विद्या शोधण्यात लोक गढले, आणि साधले ते इतकेच की मृतांची शरीरे टिकविता येऊ लागली. जिवंतांच्या घरांपेक्षा थडगी भव्य झाली. आयुष्य मात्र वाढण्याऐवजी घटत गेले.

देशात दोन तट पडले. राजाचे लोक बहुसंख्य. दुसरे अल्पसंख्य, ज्यांना ‘निष्ठावंत’ म्हणत. निष्ठावंतांचे पुढारपण आंदूनिएच्या सरदारांकडे आले. ते राजद्रोही नव्हते. राजाच्या मंडळात ते बसत, लढाईत राजाच्या बाजूने लढत; फक्त पर्वतावरील प्रार्थना आणि जुने स्नेहसंबंध त्यांनी सोडले नाहीत. मग त्यांची भाषा बंद करण्यात आली. तेविसावा राजा आर-गिमिल्झोर याने जुन्या भाषांच्या वापरावर पूर्ण बंदी घातली, निष्ठावंतांना पश्चिम किनाऱ्यावरून उठविले आणि पूर्वेकडील रोमेन्ना बंदराच्या आसपास वसावयास लावले, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या मित्रांशी त्यांची भेट होऊ नये. माणसांची श्रद्धा मोडावयाची असेल तर आधी त्यांची प्रार्थनेची भाषा काढून घ्यावी, हे जुलमी सत्तांना सर्वत्र ठाऊक असते.

पण याच राजाच्या घरात एक अघटित घडले. त्याची राणी इन्झिल्बेथ ही आईच्या बाजूने आंदूनिएच्या घराण्यातली. तिची आई लिंदोरिए ही तेथील सरदाराची बहीण. मायलेकी मनाने निष्ठावंत होत्या. हे लग्न इन्झिल्बेथला नको होते. राजाने तिच्या रूपासाठी तिला आणले. घरात प्रेम नव्हते. अशा त्या परक्या, शत्रूच्या वाड्यात तिने आपल्या थोरल्या मुलाला गुपचूप सारे शिकविले. तो मुलगा गादीवर बसला तेव्हा त्याने तार-पालांतीर, म्हणजे दूरदर्शी, हे नाव घेतले आणि सारे राज्य मागे वळविण्याचा प्रयत्न केला. दुर्लक्षित श्वेतवृक्षाची निगा पुन्हा सुरू झाली, पर्वतावरील प्रार्थना पुन्हा सुरू झाल्या.

आम्ही येथे नेहमी थांबतो. लिंदोरिएच्या आणि इन्झिल्बेथच्या नावावर एकही लढाई नाही, एकही जहाज नाही. इतिवृत्तात त्यांना मोजक्या ओळी मिळाल्या आहेत. परंतु त्या ओळी लिहिताना लेखकाच्या डोळ्यांसमोर दुसरी एक स्त्री असावी, असे आम्हांस वाटते. आप्तांनी पाठ फिरविलेली, भाड्याच्या खोलीत दोन मुलांना गुडघे टेकावयास शिकविणारी मेबल. श्रद्धेचा वारसा सहसा असाच पुढे जातो. कॅटेकिझमच्या वर्गात आम्ही जे शिकवितो ते संध्याकाळच्या जपमाळेला घरात पाया नसेल तर टिकत नाही. ज्या घरी नवरा देवळाची पायरी चढत नाही, तेथेही आपल्या मुलांच्या कपाळावर क्रूसाची खूण करून त्यांना झोपविणाऱ्या माता आमच्या धर्मग्रामात आहेत. त्यांच्याविषयी कोणी इतिहास लिहिणार नाही. तो इतिहास त्यांच्या मुलांतच लिहिला जात असतो.

तार-पालांतीरला यश आले का? नाही. पश्चिम किनाऱ्यावरील ओरोमेत टेकडीवर एक जुना बुरूज होता. राजा त्यावर चढून समुद्राकडे पाहत राही. पूर्वी ज्या मित्रांची जहाजे तिकडून येत, त्यांचे एखादे शीड क्षितिजावर दिसेल, आपला पश्चात्ताप मान्य झाल्याची खूण मिळेल, ही त्याला आशा होती. शीड कधीच दिसले नाही. तो थकून, दुःखात मरण पावला. त्याच्या एकुलत्या एका कन्येचा, मीरिएलचा, वारसा तिच्या चुलतभावाने हिरावला. तिच्याशी बळजबरीने लग्न करून तो आर-फाराझोन या नावाने राजा झाला. खूण न मिळताही जो योग्य ते करीत राहतो, त्याची श्रद्धा कशाने मोजावी? प्रार्थना करूनही ज्यांचा मुलगा व्यसनातून सुटला नाही, ज्यांचे दुखणे बरे झाले नाही, अशी माणसे आमच्याकडे येतात. त्यांना देण्यासाठी आमच्याजवळ सोपे उत्तर नाही. त्या बुरुजावरचा राजा मात्र आम्हांला त्यांच्यात ओळखीचा वाटतो.

आर-फाराझोन हा शेवटचा आणि सर्वांत बलाढ्य राजा. त्याने प्रचंड आरमार नेऊन सौरोन नामक दुष्ट सम्राटाला शरण आणले आणि विजयचिन्ह म्हणून बेटावर आणून ठेवले. कैदी थोड्याच काळात सल्लागार झाला, आणि सल्लागाराचा पुरोहित. राजधानीत घुमटाचे भव्य मंदिर उभे राहिले, अंधाराच्या अधिपतीची पूजा सुरू झाली. मृत्यूपासून सुटका मिळावी म्हणून तेथे माणसांचे बळी दिले जाऊ लागले, आणि बळी बहुतेक निष्ठावंतांचेच असत. पर्वतावरील छप्पर नसलेल्या, नि:शब्द प्रार्थनास्थळाकडे कोणी फिरकेना. सौरोनला बेटावर आणल्यापासून बेट बुडेपर्यंत त्या इतिहासात ५७ वर्षे मोजली आहेत. तीन हजार वर्षांचे संचित घालविण्यास एक आयुष्यभराचा काळ पुरला.

आंदूनिएचा शेवटचा सरदार आमांदिल हा तरुणपणी या राजाचा जिवलग मित्र होता. त्याला मंडळातून काढण्यात आले. तो रोमेन्नास येऊन राहिला. श्वेतवृक्ष तोडण्याचे घाटत आहे हे कळताच त्याने आपल्या नातवंडांना त्या वृक्षाची थोरवी सांगितली. ते ऐकून त्याचा नातू इसिल्दुर कोणालाही न सांगता निघाला. वेष पालटून तो रात्री राजवाड्याच्या अंगणात शिरला, वृक्षाचे एक फळ तोडले, पहारेकऱ्यांशी लढत अनेक जखमा घेऊन निसटला आणि मरणाच्या दारात पोहोचला. फळ गुप्तपणे पेरले गेले. वसंतात त्याच्या रोपाला पहिले पान फुटले तेव्हा इसिल्दुर अंथरुणातून उठला. मूळ वृक्ष पुढे तोडून जाळण्यात आला. एक फळ, एक रोप: घराण्याने राखले ते एवढेच, आणि तेवढे पुरेसे ठरले.

म्हातारा राजा मरणभयाने अमरांच्या भूमीवर स्वारी करण्यास निघतो आहे, हे पाहून आमांदिलने शेवटचा निर्णय घेतला. ज्या दिशेला जाण्यास बंदी, त्याच दिशेला तो निघाला, पण शस्त्र घेऊन नव्हे. सर्वांच्या वतीने क्षमा मागण्यासाठी तीन विश्वासू सेवकांसह एका लहान नावेतून तो गेला. अपराधाची शिक्षा आपल्यावर यावी, आपल्या लोकांवर नव्हे, ही त्याची तयारी होती. जाताना मुलगा एलेंदिल याला त्याने बजावले: युद्धात पडू नकोस, जहाजे सज्ज ठेव, जे सोडवणार नाही ते सारे त्यांत भर, आणि वाट पाहा. त्यानंतर आमांदिलचे काय झाले, हे इतिवृत्तात कोठेही नाही. तो पोहोचला काय, त्याचे ऐकले गेले काय, कोणालाच कळले नाही.

मग तो दिवस आला. राजाचे आरमार निषिद्ध किनाऱ्याला लागले, आणि निर्मात्याने जगाची घडणच बदलली. समुद्र दुभंगला, आरमार गिळले गेले, बेट पाण्याखाली गेले. राणी मीरिएल पवित्र पर्वताकडे धावत होती. लाट तिच्या आधी तेथे पोहोचली. बंदरात थांबलेली नऊ जहाजे तेवढी वाचली. चार एलेंदिलची, तीन इसिल्दुरची, दोन धाकट्या आनारिओनची. त्यांत कुटुंबे होती, ग्रंथ होते, दूरदर्शनाचे सात मणी होते, ते रोप होते आणि सिल्मारिएनची अंगठी होती. वादळाने त्यांना पूर्वेच्या किनाऱ्यावर नेऊन टाकले, आणि त्यांतून दोन नवी राज्ये उभी राहिली. या एलेंदिलला टॉल्कीन यांनी स्वतःच नोहाची उपमा दिली आहे. सारे काही गिळणाऱ्या त्या प्रचंड लाटेचे स्वप्न त्यांना लहानपणापासून पुन:पुन्हा पडत असे, हेही त्यांनी पत्रांत लिहून ठेवले आहे.

हे घराणे निष्कलंक होते असे वाचकांनी समजू नये. ज्या इसिल्दुरने फळासाठी प्राण पणाला लावले, त्यानेच पुढे सौरोनची अंगठी नष्ट करावयाची सोडून स्वतःजवळ ठेवली आणि तिच्यापायी त्याचा घात झाला. एका घरात दोन अंगठ्या आल्या, एक वचनाची आणि एक मोहाची. पहिली नुसती सांभाळावयाची होती, दुसरीने धन्यालाच आपले केले. संतांच्या घरातही ही दुसरी अंगठी शिरू शकते, याची आठवण लेखकाने बुजविली नाही. तिचा नाश व्हावयास पुढचे सारे युग जावे लागले. तो दिवस लेखकाने २५ मार्च ठेवला आहे. पवित्र मरियेला देवदूताने निरोप दिला त्याचा सण आपण त्याच दिवशी पाळतो. ही कादंबरी मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, असे टॉल्कीन यांनी १९५३ साली फादर रॉबर्ट मरे या जेज्वीट मित्राला कळविले होते, ते उगीच नव्हे.

त्या युगाच्या शेवटी घराण्याचा वंशज अरागॉर्न राजा होतो. त्याच्या बोटांत सिल्मारिएनची अंगठी येऊन गेलेली असते, आणि श्वेतवृक्षाचे एक रोप त्याला डोंगरावर बर्फाच्या कडेला सापडते. परंतु घराण्याचा खरा वारसा दिसतो तो त्याच्या मरणात. दीर्घ राज्य करून, शक्ती पुरती ओसरण्यापूर्वी, तो राज्य मुलाच्या हाती देतो आणि प्राण परत करतो. त्याची पत्नी व्याकूळ होते. तिचे दुःख लेखक हलके करीत नाही. तरी जे बलाढ्य राजांना आरमाराने मिळविता आले नाही, ते या राजाला जमते: हात मोकळे ठेवून जाणे.

धर्मगुरूला मरण पुष्कळ वेळा जवळून पाहावे लागते. अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे नळ्यांनी वेढलेले शरीर आणि अलीकडे जमिनीच्या कागदांवरून चाललेली कुजबूज आम्ही पाहिली आहे. फादरांना बोलावले तर आजोबा घाबरतील, म्हणून रुग्णाभ्यंगाला उशीर करणारी घरेही पाहिली आहेत. उपचार करू नयेत असे आमचे म्हणणे नाही. ख्रिस्तसभाही तसे शिकवीत नाही. मरणाचे नाव न घेतल्याने ते लांबते, ही समजूत मात्र तार-आतानामीरची आहे. याउलट, सर्वांना जवळ बोलावून, भांडणे मिटवून, चाव्या सुनेच्या हाती देऊन, क्रूसाचे चुंबन घेऊन डोळे मिटणाऱ्या म्हाताऱ्या आपल्याच गावांत होऊन गेल्या. त्यांनी टॉल्कीन यांचे नाव ऐकले नव्हते. आंदूनिएच्या सरदारांना त्या मृत्यूची ओळख लगेच पटली असती.

एवढे मोठे भेद असूनही आपल्यात आणि त्यांच्यात एक अंतर आहे, तेही सांगितले पाहिजे. नूमेनोरच्या निष्ठावंतांना मरणापलीकडे काय आहे हे कळलेले नव्हते. देणारा विश्वासू आहे, एवढ्यावर त्यांनी भरवसा ठेवला. आपल्याला पुनरुत्थानाची सुवार्ता मिळालेली आहे. ज्यांच्याजवळ कमी होते त्यांनी इतके राखले, तर आपल्याकडून काय अपेक्षिले जाईल? त्यांचे वंशज जेवणापूर्वी उठून क्षणभर पश्चिमेकडे तोंड करून मूकपणे उभे राहत: जे बेट होते त्याकडे, आणि त्याही पलीकडे जे आहे त्याकडे. आपल्या घरांत जेवणापूर्वीची प्रार्थना अजून होते काय, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

मरणाऱ्याला देतात त्या अखेरच्या ख्रिस्तप्रसादाला लॅटिनमध्ये ‘व्हियातिकुम’ म्हणतात. त्याचा सरळ अर्थ प्रवासाची शिदोरी. जहाज सुटणार हे निश्चित आहे. केव्हा, ते आपल्या हाती नाही. एलेंदिलला बापाने सांगितले होते तेवढेच आपल्या हाती उरते. जहाज सज्ज ठेवावे, सोबत न्यावे ते आजच निवडून ठेवावे, आणि निरोप येईपर्यंत बंदरात शांतपणे थांबावे.